उंच डोंगरातली जुनी चांदीची खाण बाहेरूनच कशी वाचायची

कॉलोराडोतल्या सान हुआन पर्वतात, सिल्व्हरटन गावाभोवती, साडेतीन ते चार हजार मीटर उंचीवर चांदीच्या कितीतरी लहान खाणी ओस पडल्या आहेत. त्यांतली एखादी खाण समजून घ्यायला बोगद्यात शिरायची गरज नाही, आणि शिरूही नये. लाकडी टेकू कुजलेले असतात, साचलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, आणि पायाखालच्या फळ्यांखाली खालच्या मजल्यापर्यंत गेलेली विहीर असू शकते. बाहेर पडलेला ढिगारा बहुतेक सगळं सांगतो.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, टेप, वही, जाड हातमोजे आणि चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीचा तुकडा ठेवा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वाटा बर्फातून मोकळ्या असतात. दुपारी विजा कोसळतात, म्हणून उजाडताच निघा आणि बाराच्या आत कड्यावरून खाली या.

आधी ढिगारा मोजा. उतारावरून लांबी, आडवी रुंदी आणि सरासरी जाडी घ्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंतची उंची म्हणजे जाडी नव्हे. ढिगाऱ्याखाली डोंगराचा स्वतःचा उतार असतो, तो विसरला की आकडा सहज दुप्पट होतो. समजा लांबी २५ मीटर, रुंदी १२ आणि जाडी ३, म्हणजे ९०० घनमीटर. फोडलेला दगड साधारण दीडपट फुगतो, तेव्हा मूळ दगड ६०० घनमीटर. शोधासाठी खणलेला बोगदा दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरला, तर एका मीटरला ३ घनमीटर, म्हणजे आत सुमारे २०० मीटर खणकाम. विकलेलं धातुक (म्हणजे धातू असलेला दगड) यात येत नाही, म्हणून हा आकडा कमीत कमी समजावा.

आता त्याच ढिगाऱ्याचा रंग बघा. गाडी तोंडातून बाहेर येऊन कडेला रिकामी होत असे, त्यामुळे तोंडाजवळचा माल जुना आणि बाहेरच्या कडेचा शेवटचा. तोंडाजवळ हिरवट अँडेसाइट, म्हणजे इथला साधा ज्वालामुखी खडक, दिसेल. पुढे पांढुरका, मऊ पडलेला, पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) ठिपके असलेला दगड लागला तर खणणारे शिरेच्या, म्हणजे खडकाच्या भेगेत साचलेल्या धातुकाच्या पट्ट्याच्या, जवळ आले होते. कडेला गारगोटी आणि ऱ्होडोनाइट हे गुलाबी खनिज असेल तर शीर लागली होती. सगळा ढिगारा हिरवटच असेल तर बोगदा शिरेपर्यंत पोचलाच नाही. अशा खाणी पुष्कळ आहेत, आणि कितीतरी जणांचे पैसे तिथेच संपले.

चकाकीला भुलू नका. खनिज फरशीच्या तुकड्यावर घासा आणि उमटलेल्या रेघेचा रंग बघा. पिवळं चमकतं ते पायराइट, त्याची रेघ हिरवट काळी. गॅलेना हे शिशाचं खनिज करड्या रंगाचं, काटकोनात फुटणारं. मुठीएवढा तुकडा तेवढ्याच गारगोटीच्या जवळपास तिप्पट जड लागतो. रेघ शिशासारखी करडी. स्फॅलेराइट या जस्ताच्या खनिजाची रेघ फिकट पिवळी ते तपकिरी. चांदी बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. ती गॅलेनात आणि टेट्राहेड्राइट या तांब्याच्या खनिजात मिसळलेली असते. जांभळट लाल रेघ देणारं पायरारजिराइट सापडलं, तर ते खरोखर चांदीचं खनिज. हे दगड हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नका. त्यांत शिसं आहे, आर्सेनिकही असू शकतं.

हे सगळं आलं कुठून? सुमारे २.८ कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड स्फोट होऊन जमीन खचली आणि ज्वालामुखी कुंडं तयार झाली. सह्याद्रीचा बसाल्ट थरावर थर वाहत आला. इथला बराच खडक राखेचा आहे. कुंडांच्या कडांना आणि मधल्या खचदरीला भेगा पडल्या, आणि पुढे लाखो वर्षांनी त्या भेगांतून वर येणाऱ्या गरम पाण्याने गारगोटी, शिसं, जस्त आणि चांदी मागे ठेवली. म्हणून नकाशावर खाणींची तोंडं रेषेत पडतात. ती रेष आखली की शीर कुठे जाते ते कळतं.

दगडाबरोबर कागदही वाचायला हवेत. ही भूमी यूट या मूळ रहिवासी लोकांची होती. १८७३ च्या करारानंतर ती खाणवाल्यांना खुली झाली. १८७२ च्या अमेरिकी खाणकायद्याने शिरेवरचा दावा (खणण्याचा हक्क) जास्तीत जास्त १,५०० फूट लांब धरता येई, आणि वर्षाला १०० डॉलरचं काम दाखवावं लागे. कॉलोराडोच्या कायद्याने निदान १० फुटांचा शोधखड्डा सक्तीचा होता. तेव्हा एवढासा खड्डा दिसला की त्याला खाण म्हणू नका, ती कायद्याची पूर्तता आहे. दाव्याचं नाव आणि तारीख काउंटीच्या दप्तरात मिळते.

मग वर्षांचा मेळ घाला. १८८२ च्या जुलैत सिल्व्हरटनला रेल्वे आली. त्याआधी माल खेचरांवरून आणि गाड्यांतून जाई, म्हणून हाताने निवडलेलं भरपूर चांदी असलेलं धातुकच परवडे. तोंडाजवळ मुठीएवढ्या फोडलेल्या तुकड्यांची रास दिसली तर ती हीच निवड. उलट बाजूचा धक्का १८९३ चा, आणि त्यात मुंबईचा हात आहे. तोवर कोणीही मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने ती मुभा काढली आणि चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला. नोव्हेंबरात अमेरिकी सरकारची चांदी खरेदीही थांबली. हिशेब साधा आहे: टनाला ६० औंस चांदी, औंसाला १.०५ डॉलर म्हणजे ६३ डॉलर; ६३ सेंट झाला की ३८. समजा वाहतूक आणि धातू गाळणं मिळून ४० डॉलर लागतात, तर खाण बंद.

काम कधी झालं हे खुणांवरूनही पडताळा. चौकोनी कापीव खिळे जुने. तारेचे गोल खिळे १८९० च्या आसपासपासून सर्रास. दगडातलं अरुंद, किंचित वाकडं भोक हातोड्याचं. रुंद, सरळ, गोल भोक यंत्राचं. पांढुरकी चुन्यासारखी राख म्हणजे कार्बाइडचे दिवे, म्हणजे १९०० नंतरचं काम. वस्तूंचा फोटो घ्या, जागची हलवू नका; संदर्भ गेला की तारीखही गेली.

तोंडातून पाणी वाहत असेल तर दगडांवर नारिंगी थर आहे का बघा. पायराइटला हवा आणि पाणी लागून आम्ल तयार होतं, त्यात विरघळलेलं लोह बाहेर येऊन असं साचतं. ५ ऑगस्ट २०१५ ला इथल्याच गोल्ड किंग खाणीचं ढासळलेलं तोंड उकरताना सुमारे ३० लाख गॅलन असं पाणी सुटलं आणि ॲनिमास नदी पिवळी झाली. म्हणून ढासळलेल्या तोंडातली माती उकरू नका. मागे पाणी किती तुंबलं आहे हे बाहेरून कळत नाही. पिण्याचं पाणी खाणीच्या वरच्या अंगाच्या झऱ्यातून घ्या, आणि तेही उकळून.