जुनी गाडी पहिल्यांदाच उभी करताना: आधी पत्रा, मग इंजिन, रंग अगदी शेवटी

जुनी गाडी बघायला गेलात की विकणारा आधी सेल्फ मारून इंजिन सुरू करून दाखवतो. तुम्ही मात्र आधी खाली वाकून बघा. इंजिन गेलेलं असलं तरी बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून परत उभं राहतं. पत्रा सडलेला असेल तर खर्चाला अंत नसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच दमतो.

पहिल्या प्रयत्नाला कार्बोरेटरवाली मारुती ८०० घ्या, नाहीतर प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. मारुती ८०० थेट १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे सामान मिळतं. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे, बोनेट उघडलं की हात आत जायला जागा आहे. शिकायला मला फियाट जास्त आवडते.

पत्रा आणि कागद

फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळा आणि दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून हळूहळू फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. मग मॅट उचला. फ्लोअर, दाराखालचा पट्टा, बॅटरीखालची जागा, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा आणि फियाट असेल तर मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बॉडीला जिथे बसतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघा. पाट्यांची जागा खाल्लेली असेल तर ती गाडी सोडून द्या. मुंबई-कोकणात राहिलेल्या गाडीला खारी हवा लागलेली असते. पुण्यातली गाडी त्या मानाने बरी, पण तीही पावसाळ्यात झाडाखाली उघडी उभी राहिली असेल तर फ्लोअर गेलेला सापडतो.

आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. ती किती वर्षं राहिली आहे आणि पर्यावरण कर भरलाय का, हे पैसे देण्याआधी आरटीओतून काढून घ्या. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते.

खोलताना

एका वेळी एकच भाग खोला. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो काढा, नट-बोल्ट त्या त्या भागाच्या पिशवीत ठेवून वर मार्करने नाव लिहा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका, लोखंडी स्टँड लावाच.

इंजिन जागं करणं

बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनाला सरळ सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवा. मोकळं फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, टाकी धुऊन घ्या, कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, साफ करा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाईप आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालेल असाच घ्या.

गाडी सुरू झाली की हलवायचा मोह होतो. आधी ब्रेक करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर उघडा, सगळी रबरं आणि होज पाईप नवे घाला. हे काम अनुभवी मिस्त्रीकडून तपासून घ्या.

सामान

नेहमीचे पार्ट्स पुण्यात नाना पेठेत बघा. दाराचे हँडल, मीटर, दिव्यांच्या रिंगा अशा वस्तूंसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी किंवा रविवारी. जुना पार्ट सोबत न्या, फोटोवरून माप कळत नाही.

पत्र्याचं काम आणि रंग

सडलेला पत्रा कापून नवा जोडून घ्या, वर लांबी चोपडू देऊ नका. पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, पत्रा कमी वाकतो. त्याआधी बॅटरी आणि पेट्रोल टाकी गाडीतून काढलेली हवी. रंग पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास द्या; दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. मूळ रंग बदलणार असाल तर आरसीत नोंद करावी लागते.

विमा काढून, पहाटे रिकाम्या रस्त्यावर जवळच चालवा. दिवे घाट, कात्रज एवढ्यात नको. चढावर रेडिएटर आणि उतारावर ब्रेक यांची परीक्षा लागते. इंजिन खोलून नव्याने बांधलेलं असेल तर सुरुवातीचं ऑइल लवकर बदला आणि परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, कुठून काय गळतंय ते सकाळी कळेल.