मुलांच्या चष्म्याचा नंबर: निवासी डॉक्टरांना कसा शिकवावा

नेत्रविभागात रुजू झालेला निवासी डॉक्टर मोठ्या माणसांचा नंबर काढायला लवकर शिकतो, कारण कोणत्या भिंगातून अधिक स्पष्ट दिसते हे रुग्णच त्याला सांगतो. तीन वर्षांचे मूल असे सांगू शकत नाही. शिवाय जवळचे पाहण्यासाठी फोकस बदलण्याची त्याच्या डोळ्याची ताकद एवढी मोठी असते की प्लस नंबरचा (दूरदृष्टिदोषाच्या नंबरचा) बराच भाग झाकलेला राहतो. म्हणून शिकवताना दोन कामे वेगळी ठेवावीत: नंबर मोजणे आणि द्यायचा नंबर ठरवणे. पहिले काम सरावाने जमते. माझ्या मते शिक्षकाचा खरा वेळ दुसऱ्यासाठी राखून ठेवला पाहिजे.

रेटिनोस्कोपीचा, म्हणजे डोळ्यात प्रकाशझोत टाकून परतणाऱ्या प्रकाशावरून नंबर काढण्याचा, सराव आधी कृत्रिम डोळ्यावर करून घ्यावा. विद्यार्थ्याचे कामाचे अंतर (त्याच्यापासून तपासायच्या डोळ्यापर्यंतचे) टेपने मोजावे, कारण आलेल्या आकड्यातून ६७ सेंटिमीटरला दीड आणि ५० सेंटिमीटरला दोन डायॉप्टर (भिंगाच्या नंबराचे एकक) वजा करायचे असतात, आणि हात आखूड असूनही सवयीने दीडच वजा करणारे अनेक जण आढळतात. प्रकाशझोत डोळ्याच्या अक्षापासून ढळला तर नसलेला सिलिंडर नंबर (एकाच दिशेत लागणारा नंबर) दिसू लागतो, हेही मुद्दाम बाजूला सरकून दाखवावे. नंतर विद्यार्थ्याने तपासलेल्या मुलाचा नंबर शिक्षकाने स्वतः काढावा आणि दोघांचे आकडे लिहून झाल्यावरच ताडून पाहावेत.

फोकस बदलण्याची ताकद तात्पुरती थांबवणारे औषध डोळ्यात घातल्याशिवाय मुलाचा नंबर अंतिम मानू नये. साधारणपणे १ टक्का सायक्लोपेंटोलेट पुरते; लहान वयात, विशेषतः डोळा आत वळत असेल तर, १ टक्का अ‍ॅट्रोपिनचे मलम तीन दिवस आधीपासून घरी लावायला देतात. तांदळाच्या दाण्याएवढेच मलम लावायचे, ते मुलाच्या हाती लागू द्यायचे नाही आणि ताप आला किंवा चेहरा लाल झाला तर मलम थांबवून लगेच संपर्क साधायचा, हे विद्यार्थ्याने आईला आपल्यासमोर सोप्या शब्दांत समजावून सांगावे.

आता निर्णयाकडे येऊ. केसपेपरवर मोजलेला नंबर, द्यायचा नंबर आणि त्यांतील फरकाचे एका वाक्यात कारण लिहिण्याची सक्ती करावी. चार वर्षांच्या मुलाला दोन्ही डोळ्यांत +२.५० आहे, तिरळेपणा नाही आणि नजर वयाला साजेशी आहे, तर सहसा चष्मा न देता पुढे तपासत राहावे. पण तेवढ्याच नंबराच्या मुलाचा डोळा आत वळत असेल, तर पूर्ण प्लस नंबर द्यावा लागतो. एका डोळ्यात +१ आणि दुसऱ्यात +४ असेल व तिरळेपणा नसेल, तर दोन्हींतून सारखाच प्लस कमी करता येतो, मात्र तीन डायॉप्टरचा फरक तसाच राहिला पाहिजे, नाहीतर जास्त नंबराचा डोळा आळशीच (वापर न झाल्याने नजर कमी असलेला) राहील. वर्षाच्या बाळाचा −२ (लांबचे अंधुक दिसण्याचा नंबर) बहुधा लिहून ठेवण्यापुरताच असतो, कारण त्याचे जग अर्ध्या मीटरच्या आतले असते. शाळेत फळा पाहणाऱ्या मुलाला मात्र तो नंबर पूर्ण द्यावा. ही उदाहरणे एकेक करून न शिकवता जोडीने समोर ठेवली, तर विद्यार्थी तक्ता पाठ करण्याऐवजी कारण शोधू लागतो.

चष्मा तयार झाल्यावर तो विद्यार्थ्यानेच लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावा. फ्रेम नाकावरून घसरत असेल, तर मूल भिंगाच्या वरून पाहते आणि अचूक काढलेला नंबर वाया जातो. भिंगे पॉलिकार्बोनेटची (सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची) असलेली बरी. मुलीला चष्मा म्हटल्यावर घरच्यांना तिच्या लग्नाची काळजी वाटते. ती काळजी झटकून न टाकता ऐकून घ्यावी आणि दृष्टी घडण्याचे वय निघून गेल्यावर ही संधी तशी परत येत नाही, हे शांतपणे सांगावे.

अमेरिकेतील २००६ सालच्या एका अभ्यासात, दोन डोळ्यांच्या नंबरांतील फरकामुळे डोळा आळशी झालेल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांचा आळशीपणा केवळ चष्म्याने गेला. म्हणूनच अशा मुलांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याची घाई करू नये. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बोलवावे, आणि त्या दिवशी तपासणी ज्याने नंबर दिला त्याच विद्यार्थ्याकडे सोपवावी.