फळांच्या सुगंधाची जपानी साके: निवडावी कशी, प्यावी कशी

साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानी मद्य, आणि गिन्जो हा तिचा सुगंधी प्रकार. चांगल्या गिन्जो साकेत एकही फळ घातलेले नसते. तरी पेला नाकाजवळ नेला की सफरचंद, नासपती, खरबूज, कधी पिकल्या केळ्याचा वास येतो. ही सगळी यीस्टची करामत. हा वास फार लवकर उडतो, म्हणून बाटली घेण्यापासून शेवटच्या घोटापर्यंत त्यालाच जपायचे.

आधी लेबल वाचा. तांदळाचा दाणा बाहेरून घासून 60 टक्के किंवा त्याहून कमी उरवला असेल तर ती 'गिन्जो', 50 टक्के किंवा त्याहून कमी असेल तर 'दाइगिन्जो'. बाहेरच्या थरातली प्रथिने आणि चरबी घासण्यात निघून जाते. मग थंडाव्यात, 10 अंशांच्या आसपास, महिनाभर संथपणे आंबवले की फळांचा वास खुलतो. जपानच्या यामागुची प्रांतातल्या 'दास्साई 23' या साकेमध्ये दाण्याचा जेमतेम 23 टक्के भाग उरतो. पण आकडा जितका लहान तितकी साके चांगली, असे समजू नका. साधी गिन्जोही अतिशय सुरेख असते. 'जुन्माई' लिहिले असेल तर वरून अल्कोहोल घातलेले नाही. तो शब्द नसला तरी बाटली हलकी ठरत नाही, कारण थोडे अल्कोहोल घातल्याने सुगंध उलट खुलून येतो. पहिल्यांदा घेताना 300 मिलिलिटरची बाटली पुरे.

घरी आणल्यावर ती फ्रिजमध्ये, उभी ठेवा. उजेड आणि उष्णता हे साकेचे वैरी. 'नामा' म्हणजे पाश्चरीकरण न केलेली साके तर फ्रिजबाहेर ठेवूच नये. लेबलवर छापलेला महिना सहसा बाटलीत भरल्याचा असतो, मुदत संपण्याचा नाही. तो जितका अलीकडचा तितके बरे.

पिण्याआधी दहा-पंधरा मिनिटे बाटली बाहेर काढा. बर्फासारख्या गार साकेला वासच येत नाही. 10 ते 15 अंश हे तिचे खरे तापमान. साके गरम करून पिण्याची रीत जपानमध्ये जुनी आहे आणि भरदार चवीच्या साकेला ती शोभतेही, पण दाइगिन्जो कडकडीत तापवली तर ज्यासाठी पैसे मोजले तेच उडून जाते.

पेला व्हाइट वाइनचा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. लाकडी चौकोनी 'मासू' दिसायला देखणा, पण लाकडाचा वास फळांच्या वासावर मात करतो. खोलीत उदबत्ती किंवा अत्तरही नको. जपानी पद्धतीप्रमाणे स्वतःचा पेला स्वतः भरू नका, शेजारच्याचा भरा.

आता नुसता वास घ्या, घाई न करता. मग लहान घोट जिभेवर थोडा वेळ धरा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. नाकाला जे आधी कळले नव्हते ते इथे कळते. साकेत साधारण 15-16 टक्के अल्कोहोल असते, वाइनपेक्षा जास्त, आणि घशाखाली मात्र ती सहज उतरते. म्हणून सोबत पाण्याचा पेला हवाच, आणि घोटाघोटांमध्ये पाणी प्या.

खायला पांढऱ्या माशाचे साशिमी (कच्च्या माशाचे पातळ काप), शिंपल्यांचे प्रकार किंवा थंड तोफू. तिखट रस्सा आणि लसणीची फोडणी तिच्यासोबत नकोच.

उरलेली साके बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. वास मंदावला तरी ओतून देऊ नका. जपानमध्ये शिंपले साकेत वाफवतात, तिथे ती उपयोगी पडते.