नव्या रूपातली छोटी ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही रोजच्या वापरासाठी कशी पारखावी

गाडीचे नवे रूप बाजारात आले की जाहिरातीत आधी पुढची जाळी, दिवे आणि डॅशबोर्डवरचा मोठा पडदा दिसतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत कशी आणि केव्हा पोहोचते, हे मात्र माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत शोधावे लागते. ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेणाऱ्याने वाचन त्या शेवटच्या पानापासून सुरू करावे. उदाहरण म्हणून मारुती सुझुकीची ग्रँड विटारा ऑलग्रिप घेतो (ऑलग्रिप हे त्यांच्या ऑल-व्हील ड्राइव्हचे नाव), कारण आमच्या भागात, म्हणजे आंबोली घाटाच्या पायथ्याशी, या गाडीची चौकशी नेहमी होते, आणि तिच्यात झालेला एक बदल खरोखरच पारखून घेण्यासारखा आहे. टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर ही तिची सख्खी बहीण असल्यामुळे पुढचे बहुतेक सगळे तिलाही लागू पडते.

ग्रँड विटारा २०२२ मध्ये आली, तेव्हा ऑल-व्हील ड्राइव्ह फक्त पाच गिअरच्या मॅन्युअलसोबत मिळत असे. २०२५ च्या सुधारणेत त्याच यंत्रणेला सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला आणि सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आल्या. इंजिन मात्र तेच राहिले: दीड लिटरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन, १०३ पीएस शक्ती आणि सुमारे १३७ एनएम टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर. गाडीचे रूप बदलले असे कोणी सांगितले की कागदावर दोन रकाने करावेत, एकात बदललेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात न बदललेल्या. या गाडीच्या बाबतीत दुसऱ्या रकान्यात इंजिन येते, आणि घाटात पाच माणसे व सामान घेऊन चढताना तोच रकाना जास्त बोलतो.

त्याआधी आपल्याला ही यंत्रणा हवी आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवावे. ज्यांचा रोजचा प्रवास पुणे-मुंबईच्या रस्त्यांवर किंवा महामार्गावर होतो, त्यांना मागच्या चाकांची मदत वर्षातून जेमतेम दोन-तीन दिवस लागेल, पण तिचे वजन आणि पेट्रोल बारा महिने भरावे लागेल. २०२२ च्या अधिकृत आकड्यांत टू-व्हील ड्राइव्ह मॅन्युअलचे मायलेज लिटरला २१.११ किलोमीटर होते आणि ऑलग्रिप मॅन्युअलचे १९.३८. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, तरी त्यांच्यातला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. शिवाय लिटरला २७.९७ किलोमीटरचा दावा असलेली स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली, ही वेगळी गाडी आहे; तिच्यात ऑल-व्हील ड्राइव्ह मिळत नाही. मायलेज आणि मागच्या चाकांची ओढ या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत मागणाऱ्याला इथे एक सोडावीच लागते.

आमच्याकडे चित्र वेगळे आहे. मुख्य रस्त्यापासून घराच्या खळ्यापर्यंत उतरणारी वाट जांभ्या दगडाची, तिच्यावर जून ते सप्टेंबर शेवाळ, आणि वळणावर व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी आडवे वाहते. सकाळी गाडी बाहेर काढताना पुढची चाके जागच्या जागी फिरतात, तांबडा चिखल बंपरपर्यंत उडतो आणि शेवटी शेजारच्यांना हाक मारून धक्का द्यावा लागतो. ज्याच्या घरासमोर अशी एखादी चढण आहे, त्याने ऑल-व्हील ड्राइव्हचा विचार जरूर करावा.

आता ही यंत्रणा नेमकी काय आहे, ते पाहू. जिमनी किंवा थारची फोर-बाय-फोर आणि ही ऑल-व्हील ड्राइव्ह यांची गल्लत विक्रेतेसुद्धा करतात. जिमनी आणि थारमध्ये शिडीसारखी चौकट आहे आणि लो-रेंज गिअर आहे, म्हणजे अगदी संथ गतीने पण मोठ्या ताकदीने चढण्याची सोय आहे. त्यांची फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर जोडून ठेवायची नसते. ऑलग्रिपमध्ये लो-रेंज नाही. ऑटो मोडमध्ये ही गाडी बहुतेक वेळ पुढच्या चाकांवरच चालते आणि पुढचे चाक घसरू लागले की इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कपलिंग, म्हणजे मधली जोडणी, मागच्या चाकांना ताकदीशी जोडते. म्हणून ती रोज सगळीकडे ऑटोमध्ये बिनधास्त चालवता येते. गिअरजवळच्या गोल खटक्यावर स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे आणखी तीन मोड आहेत. स्नो हे नाव आपल्याकडे हसू आणते खरे, पण ओल्या गवतावर आणि निसरड्या मुरुमावर हाच मोड कामाचा ठरतो, कारण त्यात अॅक्सिलरेटरची धार बोथट होते.

लो-रेंज नसल्याचा परिणाम मॅन्युअलमध्ये जाणवतो. उभ्या चढणीवर पूर्ण भरलेली गाडी संथपणे चढवायची तर क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो, आणि दोन-तीन प्रयत्नांत जळका वास केबिनमध्ये येतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा भाग, असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये हा प्रश्न बराच सुटतो, कारण तिथे घसरण्याचे काम तेल करते. मी स्वतः मॅन्युअलचा जुना भक्त आहे, तरी या एका गाडीपुरते माझे मत असे की २०२५ मधला सर्वांत मोलाचा बदल म्हणजे हा ऑटोमॅटिक, आणि बाकीची यादी त्याच्या खूप मागे राहते.

टेस्ट ड्राइव्हची वेळ ठरवताना एक काळजी घ्यावी. माझ्या बाबतीत एका शोरूमने ऑलग्रिपची वेळ दिली, मी दीड तास प्रवास करून गेलो, आणि समोर उभी केलेली गाडी टू-व्हील ड्राइव्ह निघाली. "चालवायला दोन्ही सारख्याच, साहेब," असे मला सांगण्यात आले. तेव्हापासून मी कोणतीही गाडी चालवण्याआधी मागच्या बंपरजवळ वाकून पाहतो: दोन मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचा, लोखंडी गोळा आणि त्याच्याकडे पुढून येणारा लांब दांडा दिसला पाहिजे. दिसला नाही, तर ती गाडी तुमच्या परीक्षेची नव्हेच.

योग्य गाडी मिळाल्यावर ती एकट्याने चालवू नये. घरातली चार माणसे बसवावीत, त्यांत सर्वांत उंच माणसाला मागे बसवावे, कारण पॅनोरॅमिक सनरूफच्या प्रकारात मागची डोक्यावरची जागा कमी होते. मग जवळच्या घाटाकडे वळावे. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे चढणीवर एसटी ओलांडायची म्हटली की ऑटोमॅटिक दोन गिअर खाली येतो आणि इंजिन मोठ्याने ओरडते. तो आवाज आपल्याला आणि मागे बसलेल्या आईला रोज चालेल का, हे तिथेच कळते. स्टिअरिंगमागच्या पॅडलने आधीच गिअर उतरवून पाहावा. ओरड तेवढीच राहते, पण धक्का कमी बसतो.

खरी परीक्षा त्यानंतरची. एखादी ओली, निर्मनुष्य चढण शोधावी, शक्य असेल तर एका बाजूची चाके गवतावर आणि दुसरी कडक जमिनीवर येतील अशी. ऑटो मोडमध्ये मध्येच थांबून, पाय सावकाश दाबून पुन्हा निघावे आणि खिडकी उघडी ठेवून कान द्यावा. पुढचे चाक किंचित घसरल्याचा आवाज येतो आणि मग मागून ढकलल्यासारखे जाणवते. या दोन क्षणांमधले अंतर जितके कमी, तितकी यंत्रणा चलाख. पुढची चाके गरगर फिरून खड्डा पाडू लागल्यावर मागची जागी होत असतील, तर तोवर गाडी रुतलेली असते. हाच प्रयोग लॉकमध्ये करावा. तिथे मागच्या चाकांची ओढ सुरुवातीपासून मिळायला हवी. मात्र लॉक लावून कोरड्या डांबरावर पूर्ण वळण घेऊ नये, उगाच ताण पडतो. त्याच उतारावरून खाली येताना हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर वेग आवरणारी सोय, लावून ब्रेकवरचा पाय काढावा. कट-कट असा आवाज येतो, पहिल्यांदा भीती वाटते, पण गाडी स्वतःच आपला वेग धरून उतरते.

एक गैरसमज महागात पडू शकतो. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी लवकर थांबते, असे नाही. निघण्यासाठी आणि चढण्यासाठी मदत होते; ओल्या रस्त्यावर थांबायला मात्र टायरच लागतात, आणि गुळगुळीत टायरची ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी नव्या टायरच्या साध्या गाडीपेक्षा घाटात जास्त धोकादायक ठरते, कारण ती चालवणाऱ्याला खोटा विश्वास देते. तसेच २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे तेवढ्या पाण्यातून जाण्याची परवानगी नव्हे. वाहत्या व्हाळात खालची जमीन दिसत नसेल, तर गाडी तिथेच उभी करावी.

टायरवरून दुरुस्तीच्या खर्चाकडे येतो. अशा गाड्यांत चारही टायरची झीज जवळजवळ सारखी असावी लागते. एकच नवा टायर घातला तर चाकांचा घेर जुळत नाही, आणि घसरण नसतानाही कपलिंगला ती जाणवून तिच्यावर ताण येतो. म्हणून एक टायर फाटला तरी दोन किंवा चार घेण्याची तयारी ठेवावी, आणि स्टेपनी काढून तिच्यावरचे माप इतर चाकांशी जुळते का, हे शोरूममध्येच पाहावे. मागच्या डिफरन्शियलचे आणि ट्रान्सफरचे, म्हणजे ताकद मागे वळवणाऱ्या भागाचे, तेल किती किलोमीटरला बदलायचे, हे लिहून घ्यावे. साध्या गाडीच्या खर्चपत्रकात ही ओळच नसते. गाडी बंद पडली तर पुढची दोन चाके उचलून ओढत नेणारी क्रेन चालत नाही, चारही चाके वर घेणारी सपाट गाडीच बोलवावी लागते. ती आपल्या तालुक्यापर्यंत येते का आणि किती वेळात, हे रस्त्यावरच्या मदतीच्या क्रमांकावर आधीच फोन करून विचारावे.

सुरक्षेच्या ताऱ्यांबाबत भारत एनसीएपीचा, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचणीचा, निकाल कोणत्या वर्षीच्या आणि कोणत्या प्रकाराच्या गाडीचा आहे, तेवढे वाचावे. रूप बदलल्यावर जुन्या गाडीचे तारे नव्या गाडीला आपोआप लागत नाहीत.

बुकिंगच्या अर्जावर प्रकाराचे पूर्ण नाव लिहून घ्यावे, त्यात ऑलग्रिप हा शब्द आणि गिअरबॉक्सचा प्रकार असलाच पाहिजे. ताबा घेण्याच्या दिवशी पुन्हा एकदा मागच्या बंपरजवळ वाकावे, कपडे मळले तरी चालतील, आणि तो लोखंडी गोळा आपल्याही गाडीखाली आहे याची खात्री झाल्यावरच चावी हातात घ्यावी.