टफन काच ‘आपोआप’ फुटली? या चुका टाळा

रात्री दोन वाजता बाथरूममधून धाडकन आवाज येतो. जाऊन बघावं तर पार्टिशन जागेवर नाही, फरशीभर खडीसाखरेसारखा चुरा. आत कोणी नव्हतं, कोणी हातही लावला नव्हता. असे फोन मला दरवर्षी येतात, आणि मी पोहोचेपर्यंत चुरा पोत्यात भरून झालेला असतो. पहिली चूक इथेच होते. झाडू मारायच्या आधी फोटो काढा. चप्पल घालून, लांबूनच. काच फ्रेममध्ये अडकून राहिली असेल तर उत्तमच, कारण तड्यांच्या रेघा चाकाच्या आऱ्यांसारख्या एकाच जागेतून निघालेल्या दिसतात. ती जागा सापडली की कारण सापडतं.

टफन काच म्हणजे साधीच काच. भट्टीत 600 अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत मारतात. वरची साल आधी घट्ट होते, गाभा मागाहून आकसतो आणि सालीला आत ओढून धरतो. साल दाबाखाली, गाभा ताणाखाली. तडा उघडायला ताण लागतो आणि सालीत तर दाब आहे, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाचपट भार सोसते. पण ही साल प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे 10 मिमी काचेत जेमतेम 2 मिमी. टवका त्याच्या आत गेला की गाभ्यातला सगळा ताण एका क्षणात मोकळा होतो.

म्हणून मी सर्वांत आधी कडा बघतो. एका फ्लॅटमध्ये सगळे बांधकामाला दोष देत होते. बिजागरी उघडली तर आतलं पॅकिंग गायब, आणि स्क्रूची धातू थेट होलच्या काठाला टेकलेली. दार रोज उघडत-मिटत होतं, स्क्रू रोज थोडाथोडा चावत होता. दुसऱ्या दारालाही तेच होतं, काठावर तांदळाच्या कणीएवढा टवका. ते दार त्याच दिवशी उतरवलं. काच आणि धातू यांची भेट कुठेही होऊ देऊ नका: होलमध्ये नायलॉनचा बुश, क्लॅम्पखाली रबर, आणि स्क्रू जीव खाऊन आवळायचा नाही. काच उतरवताना कोपरा उघड्या फरशीवर टेकवू नका, खाली लाकडी गुटके ठेवा.

काच बसत नाही म्हणून टफन झाल्यावर ग्राइंडर लावणं ही तर घातक चूक. ती तिथेच फुटली तर नशीब म्हणायचं. न फुटता राहिली तर पातळ झालेली साल घेऊन ती घरात उभी राहते. माप फरशी बसल्यावरच घ्या, वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, कारण भिंती ओळंब्यात नसतात. होल, खाचा, कडा घासणं, सगळं भट्टीआधी. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्येच दाखवून दिलं होतं की काच हिशोबापेक्षा कितीतरी कमजोर निघते ती तिच्यातल्या बारीक चिरांमुळे. कापलेली कड अशा चिरांनी भरलेली असते.

कधी कधी मात्र चूक बसवणाऱ्याची नसते. रेघा काचेच्या मधूनच निघाल्या असतील आणि तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे एकमेकांना चिकटून असतील, तर काच बनवतानाच आत राहिलेल्या निकेल सल्फाइड या अशुद्धीच्या कणाचा संशय घ्या. काच झटकन थंड होते, तेव्हा या कणाला आपलं रूप बदलायला वेळ मिळत नाही. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो सावकाश 2 ते 4 टक्के फुगतो. गाभ्यात असेल तर काच जाते. उपाय कारखान्यातच आहे, हीट सोक: काच पुन्हा सुमारे 260 ते 290 अंशांवर काही तास ठेवतात, म्हणजे कण असलेल्या बहुतेक काचा तिथेच फुटतात. ऑर्डर देतानाच हे मागा. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

काचेच्या शेगडीलाही सालीचा हाच नियम लागू. तारेची घासणी वापरू नका, जड कुकर आपटू नका.

आणि गॅलरीच्या रेलिंगला किंवा डोक्यावरच्या छताला एकेरी टफन लावू नका. तुकडे बोथट असले तरी फुटली की अख्खी काच एकदम खाली येते, आणि रेलिंगच्या जागी काहीच उरत नाही. तिथे दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेडच हवी, म्हणजे फुटलेले तुकडे पडद्याला चिकटून राहतात आणि काच बदलेपर्यंत आडोसा टिकतो.