तारीख जाहीर झाली म्हणून राजीनामा देऊ नका

दर हिवाळ्यात पुढच्या सीझनचं कॅलेंडर आणि कोण कुठल्या टीमकडे चाललं याच्या बातम्या एकदम यायला लागल्या, की इंदूरच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. ‘ताई, मोटरस्पोर्टमध्ये काम करायचंय, सुरुवात कुठून करू?’ विचारणारे बहुतेक मेकॅनिकलचे, पिथमपूरला नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रावर बाहा या कॉलेजांच्या स्पर्धेची गाडी घेऊन धूळ खाऊन आलेले. अंडरकट काय न् पार्क फर्मे काय, असले शर्यतीतले शब्द त्यांना माझ्यापेक्षा चांगले येतात, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. ज्यांना स्वतः रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्या वाटेला लागणारा पैसा आमच्या रामबागेतल्या एकाही घरात मी पाहिलेला नाही. हे लिहितेय ते गाडीच्या आजूबाजूचं काम शोधणाऱ्यांसाठी.

मी टीम कोऑर्डिनेटर आहे, तीही कंत्राटावर. ‘गाडी तू चालवत नाहीस, दुरुस्त करत नाहीस, मग तिथे जाऊन करतेस काय?’ हा आईचा प्रश्न अजून मिटलेला नाही. पास, हॉटेलच्या खोल्या, मेकॅनिकांची जेवणं, ड्रायव्हरचं लायसन्स आणि मेडिकलचे कागद, टायर कुठल्या ट्रकने येतायत ते बघणं, आणि यातलं काही राहिलं की सगळ्यांची बोलणी खाणं, असं ते काम.

या धंद्यात सगळं तारखेवर चालतं आणि तारखेइतकी कच्ची गोष्ट दुसरी नाही. हे ज्याला पहिल्या वर्षी उमगलं तो तरला. मला उमगायला पगार बुडावा लागला.

ड्रायव्हरांच्या अदलाबदलीपासून घेऊ. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीकडे जाणार हे १ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झालं. त्यानंतर २०२४ च्या सगळ्या २४ शर्यती तो मर्सिडीजमधूनच धावला, सिल्वरस्टोनची शर्यत जिंकलासुद्धा, आणि फेरारीतली पहिली शर्यत आली मार्च २०२५ मध्ये, मेलबर्नला. गंमत त्याच्या आधीची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मर्सिडीजने त्याचा २०२५ पर्यंतचा करार वाजतगाजत जाहीर केला होता. त्यात वर्षभराने बाहेर पडायची सोय होती, ती त्याने वापरली. ‘२०२५ पर्यंत’ हे खोटं नव्हतं, पण त्याच्या खाली जे बारीक लिहिलं होतं ते बातमीत नव्हतं. इंजिनिअरांचं तर आणखी लांबतं. गाड्यांचा डिझायनर एड्रियन न्यूई रेड बुल टीम सोडणार हे मे २०२४ मध्ये कळलं, ॲस्टन मार्टिनने नाव जाहीर केलं सप्टेंबरात, आणि माणूस कामाला लागला मार्च २०२५ मध्ये. मधला काळ फॉर्म्युला वनच्या कामापासून लांब राहायचं, म्हणजे जुन्या टीमची ताजी गुपितं नव्या टीमला लगेच मिळायला नकोत.

ही झाली सरळ उदाहरणं. पियास्ट्री या तरुण ड्रायव्हरचं प्रकरण मात्र मी प्रत्येक नवख्याला बसवून सांगते, कंटाळा आला तरी.

१ ऑगस्ट २०२२ ला फर्नांडो अलोन्सो अल्पीन सोडून ॲस्टन मार्टिनला जाणार हे बाहेर पडलं. दुसऱ्याच दिवशी अल्पीनने पत्रक काढलं की २०२३ मध्ये आमच्या गाडीत ऑस्कर पियास्ट्री. अफवा नाही, कुणा पत्रकाराचा अंदाज नाही, खुद्द टीमचं पत्रक. काही तासांत पियास्ट्रीने स्वतः लिहिलं की मी अल्पीनशी २०२३ साठी करार केलेला नाही आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडून धावणार नाही. प्रकरण करार तपासणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्डाकडे गेलं. २ सप्टेंबरला निकाल आला: ग्राह्य करार मॅक्लारेनचा, ४ जुलैला सही झालेला. म्हणजे अल्पीनने पत्रक काढलं तेव्हा मुलाची सही दुसरीकडे होऊन चार आठवडे झाले होते! पुढची रांग बघा. अल्पीनने अल्फाटौरीतून पिएर गॅस्लीला आणलं. गॅस्लीच्या जागी निक डी व्रीस आला. २०२३ च्या जुलैत डी व्रीसलाही काढलं आणि तिथे बसला डॅनियल रिकार्डो, ज्याला पियास्ट्रीसाठी जागा करायला मॅक्लारेनने मोकळं केलं होतं.

पत्रक म्हणजे साखरपुडा. फोटो निघतात, पेढे वाटले जातात, आणि तरीही मोडतो. आणि एकदा जागा मिळाली की टिकतेच असंही नाही. लियाम लॉसनचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये रेड बुलसाठी जाहीर झालं. २०२५ च्या दोन शर्यती झाल्या आणि तिसऱ्या शर्यतीला, जपानमधल्या सुझुकाला, त्याच्या गाडीत युकी त्सुनोदा होता.

‘ताई, हे मोठ्यांचं झालं, आपला काय संबंध?’ संबंध असा की ड्रायव्हर बदलला की खालची दहा माणसं हलतात. देशी पातळीवरही ऐन गुरुवारी संध्याकाळी निरोप येतो की गाडी चालवायला टीमकडे पैसे भरणारा अमुक मुलगा येत नाही, तमुक येतोय. मग लायसन्सचा फोटो मागवा, पासवरचं नाव बदला, ओव्हरॉलचं माप घ्या. आणि सीट. सीट कशी बनते ते एकदा बघाच. रिकाम्या कॉकपिटमध्ये जाड प्लास्टिकची पिशवी पसरतात, मुलगा पूर्ण पोशाखात तिच्यावर बसतो, दोन द्रव मिसळून पिशवीत ओततात आणि फेस त्याच्या पाठीमागे, कमरेभोवती फुगत जातो. गरम होतो चांगलाच. घट्ट होईपर्यंत त्याने हलायचं नाही, हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर. हलला तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा नवा मुलगा आधीच्यापेक्षा वीतभर उंच निघाला, गुडघे स्टिअरिंगला लागायला लागले, पेडल पुढे सरकवायला रात्रीचा दीड वाजला. मेकॅनिक बिचारे काही बोलले नाहीत. बोलले ते टीमचे मालक, तेही मला.

आता कॅलेंडर, म्हणजे माझा सापळा. इथे सावकाश वाचा.

भारतातल्या तारखांचा इतिहास नुसता चाळलात तरी पुरे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची ग्रां प्री २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं झाली, तिन्ही सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. २०१४ ला सुट्टी, २०१५ ला परत, असं सांगितलं गेलं. आपण अजून वाट बघतोय. हैदराबादला विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई ११ फेब्रुवारी २०२३ ला झाली. दुसऱ्या वर्षीची तारीख कॅलेंडरवर होती, राज्यात सरकार बदललं आणि जानेवारीतच शर्यत रद्द. मोटरसायकलींची मोटोजीपी सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला आली. २०२४ ला भारताची तारीख कझाकस्तानला दिली, त्यांचीही झाली नाही, शेवटी त्या तारखेला इटलीत मिसानोला गाड्या पळाल्या. चेन्नईची रात्रीची रस्त्यावरची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची, मिचाँग चक्रीवादळ आलं आणि ती झाली थेट पुढच्या ऑगस्टअखेर. फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. मे २०२३ मध्ये इटलीतली इमोलाची फॉर्म्युला वन शर्यत पुरामुळे ऐन शर्यतीच्या आठवड्यात रद्द झाली.

कारणं बघा: निवडणूक, वादळ, पूर. यातलं एकही टीमच्या हातात नाही. म्हणून टीमवाले आणि आयोजक सगळे आपापल्या करारात स्वतःला वाचवून ठेवतात. कंत्राटातलं शेवटचं माणूस कोण? तुम्ही.

माझं असं झालं. पिथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला होते, पगार वेळेवर, बस दारात. एका आयोजकाचा फोन आला, शर्यतीची तारीख पोस्टरवर छापलेली, ‘दोन महिने आधी या, तयारी भरपूर आहे’. कागदही आला. त्यात महिन्याचा आकडा चांगला होता. खाली एक ओळ होती, की मोबदला ‘कार्यक्रम पार पडल्यावर’ देय होईल. कार्यक्रम पुढे ढकलला म्हणजे ‘रद्द’ नाही, आणि ‘पार पडला’ही नाही. म्हणजे मी राबलेल्या दिवसांचे पैसे बुडालेही नव्हते आणि मिळणारही नव्हते. ते अधांतरी होते. नुसती रद्द झाली असती तर निदान भांडता आलं असतं. ‘पुढे ढकलली’ या दोन शब्दांत माझं अख्खं वर्ष गेलं, नोकरी आधीच सोडलेली, आणि घरी सगळ्यांनी समजूतदारपणे गप्प राहायचं ठरवलेलं. ते गप्प राहणं जास्त टोचतं.

म्हणून कागद हातात आला की ‘पार पडल्यावर’, ‘प्रत्यक्ष आयोजनानंतर’, ‘सुधारित तारखेनुसार’ असले शब्द आधी शोधा. सापडले तर सरळ विचारा: शर्यत पुढे गेली तर झालेल्या दिवसांचे पैसे कोणत्या तारखेला मिळतील? तारीख मागा, ‘लवकरच’ नको. आणि ती तारीख शर्यतीच्या तारखेला बांधलेली नसावी. महिना संपला की महिन्याचे पैसे, एवढं साधं वाक्य लिहून घ्या. लाज वाटते, मान्य. पहिली संधी हातची जाईल अशी धाकधूक असते. जाऊ दे. जो या प्रश्नावर चिडतो तो पैसे देणारच नव्हता.

तारखेबद्दल आणखी एक: पोस्टर म्हणजे कॅलेंडर नव्हे. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या राष्ट्रीय कॅलेंडरवर ती शर्यत आहे का ते बघा. नवा रस्त्यावरचा ट्रॅक असेल तर पाहणी आणि परवानगी शेवटच्या घटकेपर्यंत लटकते. चेन्नईला तर शर्यतीच्या शनिवारीही एफआयए या जागतिक संघटनेच्या कागदासाठी सगळे ताटकळले होते. जुन्या, बांधलेल्या ट्रॅकवरचं काम नवख्याला बरं. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरचं करी, इथल्या राष्ट्रीय फेऱ्यांना झगमगाट नाही, पण काम शिकायला मिळतं आणि तारखा बऱ्यापैकी पाळल्या जातात.

कोर्स कुठला करू, हेही बरेच जण विचारतात, म्हणून सांगते: ‘मोटरस्पोर्ट मॅनेजमेंट’चं महागडं ऑनलाइन सर्टिफिकेट मला आजवर एकाही टीम मॅनेजरने विचारलेलं नाही. माझं मत कडू आहे, असू दे. त्याऐवजी एफएमएससीआयशी संलग्न क्लबातून मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा स्वयंसेवक, म्हणून नाव नोंदवा. पैसे नाहीत, ऊन भरपूर, पण झेंडे, रेडिओवरची भाषा आणि शर्यतीचा दिवस कसा चालतो हे तीन दिवसांत कळतं ते सर्टिफिकेटात कळत नाही. गुरू म्हणाल तर ‘माझी वरपर्यंत ओळख आहे’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. बोलाचीच कढी. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका म्हाताऱ्या टाइमकीपर काकांनी. ते ‘हं’ आणि ‘परत बघ’ याच्या पलीकडे बोलत नाहीत.

घरबसल्या करायचा एक सराव आहे. वहीत दर ड्रायव्हरबदलापुढे वेगवेगळे रकाने करा: जाहीर कधी झालं, जुना करार कधी संपतो, प्रत्यक्ष गाडीत कधी बसला. कॅलेंडरचंही तसंच: छापलेली तारीख, झालेली तारीख, आणि आपल्या घड्याळातली वेळ. ती शेवटची वेळ नीट मांडा. अमेरिकेत ऑस्टिनची रविवारी दुपारी दोनची शर्यत आपल्याकडे रविवारच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे सोमवार लागून साडेबाराला सुरू होते. लास वेगासची २०२३ ची शर्यत तिथे शनिवारी रात्री दहाला होती, इथे रविवारी सकाळी साडेअकरा. इटली-स्पेनकडची तीनची शर्यत उन्हाळ्यात आपल्या साडेसहाला, पण ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की तीन म्हणजे साडेसात. हॉटेल आणि विमानाची बुकिंग करणाऱ्याला हे झोपेत यायला हवं. मुलाखतीत ही वही दाखवलेली एक मुलगी आज माझ्यापेक्षा चांगल्या टीमबरोबर फिरते.

आणि घाबरून जाऊ नका. कामं आहेत. हिशेब नीट ठेवणारं, फोन उचलणारं, रात्री दीड वाजता डोकं शांत ठेवणारं माणूस प्रत्येक टीमला हवं असतं आणि सहसा मिळत नाही. इंदूरला रेस ट्रॅक नाही ही अडचण आहे, पण पिथमपूर अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तिथल्या नोकरीत पोट भरतं आणि सुट्ट्या साठवता येतात. पहिली दोन-तीन वर्षं नोकरी धरून, सुट्ट्या टाकून वीकेंडची कामं करा. सुपरवायझरला आधी सांगून ठेवा, खोटा ताप आणू नका. शर्यतीचे फोटो कुठे ना कुठे दिसतातच. कोइमतूरकडे जाणारी अहिल्यानगरी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते, त्यामुळे सुट्टीचं गणित शर्यतीच्या तीन दिवसांत बसत नाही, जाण्यायेण्याचे दिवस धरा. आणि तिकीट काढायचं ते ॲडव्हान्स खात्यात जमा झालेला दिसल्यावर. ‘पाठवलाय’ असा मेसेज आला म्हणून नाही.