जॅझ गिटार कानाने उतरवताना: आधी गळा, मग बोटं

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात जॅझ शिकवणारा मास्तर शोधत बसू नका. जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनची 1939 ते 1941 मधली रेकॉर्डिंग्ज मोबाइलवर डाउनलोड करून ठेवा. रेंज गेली तरी काम अडत नाही. नावाजलेला जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीसुद्धा त्याचेच सोलो (गाण्यातले त्याने एकट्याने वाजवलेले भाग) ऐकून-ऐकून शिकला होता.

अख्खा सोलो धरू नका. दोन बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) एकच तुकडा घ्या, प्लेअरचा वेग 0.5 करा (सूर तोच राहतो) आणि गिटार बाजूला ठेवून तो गुणगुणा. गळ्यातून निघाला नाही, तर बोटं नुसता अंदाज लावत राहतात. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली असेल तर सरगमीत लिहा, गाण्याची पट्टी म्हणजे सा. मग तोच तुकडा बाराही पट्ट्यांत फिरवता येतो. टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेलं) आयती मिळते हो, पण तिने कान तयार होत नाही.

कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, अवघड. सगळे सूर एकदम ऐकू येत नाहीत. सर्वांत खालचा पकडा, मग सर्वांत वरचा; मधले तर्काने. सरावाला डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन घ्या. तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजा, फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधलं घर. याच क्रमाने चौथ्या तारेवर फ्रेट 3, 3, 2. तिसऱ्या तारेवर 5, 4, 4. खालचा सूर पाचव्या तारेच्या 5, सहाव्या तारेच्या 3 आणि पाचव्या तारेच्या 3 वर. वरच्या दोन सुरांपैकी दर वेळी एकच अर्ध्या सुराने उतरतो. रेकॉर्डिंगमध्ये ही उतरण्याची जागा शोधा, कॉर्ड बदलल्याचं तिथेच कळतं.